लहान मुलांचे आजार : घरी थांबावे कधी आणि दवाखाना गाठावा कधी?

अबोली_भांडुप
नमस्कार. माझी मुलगी पावणेतीन वर्षांची आहे आणि मुलगा पाच महिन्यांचा. जूनपासून मुलगी पाळणाघरात जाऊ लागली आणि तेव्हापासून घरात कोणाचे ना कोणाचे नाक वाहतेच आहे. सर्दी उतरते न उतरते तोच खोकला, खोकला थांबला की कणकण, आणि मोठीचे संपले की धाकट्याचे सुरू. यजमानांच्या मते शिंक आली की दवाखाना गाठावा. सासूबाई म्हणतात की दवाखान्यात बसूनच पोरे आजारी पडतात, घरी वेखंड उगाळून चाटवले की पुरे. दोघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य असेल, पण मध्यरात्री ताप चढलेला असताना त्या थोड्याथोडक्याचा आधार पुरत नाही.

कोणत्या खुणा दिसल्या की वाट पाहू नये, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याशिवाय, आतापर्यंतच्या लसी आम्ही खासगी डॉक्टरांकडे घेतल्या. पुढच्या महापालिकेच्या केंद्रात घेतल्या तर चालते का? आणि मूल ठणठणीत असताना नुसत्या तपासणीसाठी त्याला न्यावे का? कृपया कोणतेही औषध सुचवू नये, ते डॉक्टर देतील. निर्णय कसा घ्यावा एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

कांजूरकर
पाळणाघराचे पहिले वर्ष असेच जाते. या वयात वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणे बालरोगतज्ज्ञ सर्वसाधारण मानतात, आणि पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना ती त्याहूनही अधिक वेळा होते. प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते हे लक्षात घेता, पावसाळ्यात मुलाचे नाक कोरडे दिसलेच तर आठवण म्हणून फोटो काढून ठेवावा.

शंखपुष्पी
मी डॉक्टर नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. आम्हाला शिकवले गेले आणि पुढे अनुभवानेही पटले ते असे की ताप किती आहे यापेक्षा मूल दिसते कसे, हे आधी पाहावे. १०२ ताप असतानाही औषधाने तो थोडा उतरल्यावर खेळणारे, पाणी मागणारे, भावंडाशी भांडणारे मूल मला कमी काळजीचे वाटते, त्याउलट ९९.५ ताप असलेले पण मलूल पडलेले, हाक मारली तरी नजर न देणारे मूल अधिक काळजीचे.

याला एक ठाम अपवाद आहे. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर बाळ कितीही हसरे दिसले तरी त्याच वेळी डॉक्टरांना दाखवावे. इतक्या लहान जिवात गंभीर संसर्ग बाहेरून ओळखू येत नाही. आपला मुलगा आता या मर्यादेच्या पुढे गेला आहे, तरी सहा महिन्यांपर्यंत मी त्याच्या बाबतीत मोठीपेक्षा लवकर दवाखाना गाठेन.

खोकल्यात आवाजाकडे लक्ष देण्यापेक्षा श्वास मोजावा. मूल शांत किंवा झोपलेले असताना अंगातले झबले वर करून, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील तर ती धाप समजावी. दोन महिन्यांच्या आत ही मर्यादा ६० आहे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, म्हणजे आपल्याकडे छाती उडते म्हणतात तसे होत असेल, तर मोजत न बसता निघावे.

याखेरीज, बाळ अंगावर पीत नसेल, पोटात गेलेले सगळे उलटून पडत असेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल, शौचातून रक्त दिसत असेल, झटका आला असेल किंवा अंगावर दाबूनही फिके न होणारे लालजांभळे ठिपके उठले असतील, तर सकाळची वाट पाहू नये. मुंबईत पावसाळ्यात डेंग्यूची एक गोष्ट विसरू नये. त्यात ताप उतरू लागतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होऊ शकतात. ताप गेला म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि नेमके त्याच वेळी पोट दुखणे, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणे, हिरड्यांतून रक्त येणे असे काही दिसले तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

गिरगावकर_आजोबा
शंखपुष्पीताईंचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्याजोगा आहे. आमच्या चाळीत थर्मामीटर एकाच बिऱ्हाडात होता आणि तो मागायला गेले की आधी चहा घ्यावा लागे, तोवर ताप उतरलेला असे. बाकी अबोली, तुझ्या सासूबाईंची बाजू मी घेतो. मुरूडशेंग, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा, वेखंड यांचे सहाणेवर मोजून वेढे घेऊन दिलेल्या गुटीवर आम्ही सारी भावंडे वाढलो, आणि आज ऐंशीच्या घरात असूनही मी चर्नी रोडचा जिना धरून का होईना चढतो.

खलबत्ता
आजोबा, आपला जिना असाच चढता राहो. पण लालबागेत औषधांचे दुकान चालवणारा माणूस म्हणून विरोधी मत नोंदवतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये असे सांगतात, मग सहाणेवरचे पाणी आणि न धुतलेले खोड बाळाच्या पोटात कशाला? वेढे मोजले तरी त्यातून किती द्रव्य उतरले ते कोणी मोजू शकत नाही. त्यात गुटी मधात कालवली जात असेल तर ते पूर्णपणे बंद करावे, कारण मधातून येणाऱ्या जिवाणूंमुळे एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा मान राखायचा असेल तर वेखंडाची पुरचुंडी पाळण्याला बांधू द्यावी, तोंडात जाऊ देऊ नये.

आता दुकानाच्या गल्ल्यावरून रोज दिसणारी गोष्ट सांगतो. कोणते औषध द्यावे ते मी सांगत नाही, पण डॉक्टरांनी दिलेले पॅरासिटामॉल नेमके किती पोटात जाते, याकडे फारच थोड्यांचे लक्ष असते. आपल्याकडे याच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. एकीत पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते, दुसरीत तेवढ्यातच २५०, आणि बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरमध्ये १००. मात्रा ठरते ती वजनावर, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम अशी. म्हणजे बारा किलोच्या मुलीला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम लागते, आणि ते पहिल्या बाटलीतून पाच ते साडेसात मिलिलिटर होते, तर दुसरीतून जेमतेम अडीच ते साडेतीन. ‘एक चमचा द्या’ हे डॉक्टरांनी एका बाटलीसाठी सांगितलेले असते आणि घरात कपाटातून निघते ती दुसरीच. दोन मात्रांमध्ये निदान चार तासांचे अंतर हवे आणि दिवसभरात चारपेक्षा अधिक मात्रा नकोत. बाटलीबरोबर येणारे मापच वापरावे, पोह्यांचा चमचा नव्हे. आणि चिठ्ठीवर मुलाचे आजचे वजन लिहिलेले नसेल तर ते आवर्जून विचारावे.

पावसाळी तापात मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन असलेली मिश्रणे मागच्या वेळची उरली आहेत म्हणून स्वतःच्या मनाने देऊ नयेत, कारण ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे, तरी अजून लोक मागायला येतात.

तिठा
खलबत्तासाहेब, खोकल्याच्या औषधांबद्दलही लिहा. गेल्या वर्षीच्या बातम्यांनंतर आमच्या इमारतीतल्या सगळ्या आया घाबरल्या आहेत.

खलबत्ता
घाबरण्यासारखेच होते ते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल निघाले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत, अशी सूचना काढली. त्याआधी, २०२३ च्या अखेरीस, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश निघाला होता. मुळात सिरप शुद्ध असले तरी एवढ्या लहान मुलांच्या साध्या खोकल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. खारट पाण्याचे नाकात घालायचे थेंब, थोडेथोडे कोमट पेय आणि धीर, एवढ्यावर बहुतेक सर्दी निघून जाते. माझा धंदा बुडवणारा सल्ला देतो आहे, याची नोंद असावी.

हिशेबनीस
आपल्यासारखे दुकानदार विरळा. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या उपनगरातल्या एका दवाखान्यात दर भेटीला वाफारा, प्रतिजैविक आणि भूक वाढवणारे टॉनिक या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असत, मग तक्रार सर्दीची असो वा गुडघा खरचटल्याची. नंतर ‘मूल बरे असताना तपासणीला या’ असा आग्रह सुरू झाला, तेव्हा हा सगळा उत्पन्नाचा मार्ग आहे असे माझे मत झाले. निरोगी मुलाला डॉक्टरांकडे नेऊन खिसा हलका करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

पारिजात
हिशेबनीस यांचा राग समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. वाईट दवाखाना सोडावा, तपासणी सोडू नये. माझ्या मुलाला चार वर्षांचा असताना काहीही त्रास नव्हता. तो चित्रे रंगवायचा, चेंडू झेलायचा. लसीच्या वेळी आमच्या डॉक्टर बाईंनी एकेक डोळा झाकून त्याला तक्त्यावरची चित्रे ओळखायला लावली, तेव्हा उजव्या डोळ्याने त्याला जवळजवळ काहीच नीट दिसत नाही हे समोर आले. डावा डोळा सगळे काम करत होता, त्यामुळे त्यालाही कळले नाही आणि आम्हालाही. याला आळशी डोळा म्हणतात. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, एवढ्यावर तो पुष्कळ सुधारला, मात्र हा उपचार जितक्या लहान वयात सुरू होईल तितका लागू पडतो. आजारी पडल्यावरच जाणाऱ्या मुलाचा डोळा कोण झाकून पाहणार? तेव्हा सगळ्यांचे लक्ष घशाकडे असते.

वजन-उंचीचेही तसेच आहे. पासबुकातली एकच नोंद पाहून खात्याची स्थिती कळत नाही, तसे एका दिवसाच्या वजनावरून काही ठरत नाही. तक्त्यावर ओळीने मांडलेल्या नोंदी पाहाव्या लागतात. बाळाचे जन्मवजन साधारण पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते, पण पुढे वर्षाला जेमतेम दोन किलोच वाढते. हे माहीत नसल्यामुळे दुसऱ्या वर्षी सगळ्या आयांना वाटते की मूल जेवत नाही, आणि तिथेच टॉनिकवाल्यांचे फावते. मूल बारीक असले तरी आपल्या रेषेला धरून वाढत असेल तर ते ठीक आहे. गुटगुटीत असूनही रेषा ओलांडून खाली येऊ लागले असेल तर विचारावे.

हिशेबनीस
डोळ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. तेवढ्यापुरते मत मागे घेतो, टॉनिकबाबत ठाम आहे.

शंखपुष्पी
टॉनिकबाबत मीही आपल्याच बाजूची आहे, मात्र लोहाचा अपवाद करावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे या वयातली ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली, आणि त्यात खात्यापित्या घरची मुलेही असतात. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाची भूक दुधावरच भागते आणि दुधात लोह नगण्य असते. मूल चिडचिडे झाले, माती किंवा भिंतीचा चुना खाऊ लागले, तर रक्त तपासून घ्यावे.

सांजवेळ
झटक्याचा उल्लेख वर आला आहे म्हणून लिहिते. मुलगा दीड वर्षाचा असताना गणपतीत पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्याला तापात झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ होऊन उडू लागले. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चमचा दातांत घालायला धावले, एका काकांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. माझ्या जावेने सगळ्यांना बाजूला सारून त्याला कुशीवर वळवले, मानेभोवतीचे कपडे सैल केले आणि घड्याळ पाहत राहिली. दोन-तीन मिनिटांत झटका थांबला. रुग्णालयात सांगितले की तिने केले तेवढेच करायचे असते. तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही, आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर ताबडतोब निघायचे. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. असे तापाचे झटके सहा महिने ते पाच वर्षे या वयात येतात आणि सहसा मेंदूला इजा करत नाहीत. तिघांतल्या एखाद्याला ते पुन्हा येतात, आणि तापाचे औषध वेळेवर दिल्याने ते टळतातच असे नाही, हे ऐकून उलट माझे मन हलके झाले.

गिरगावकर_आजोबा
चप्पल शोधणारे काका प्रत्येक घरात एक असतातच. आमच्या घरी ती जागा सध्या माझ्याकडे आहे, पण यापुढे राजीनामा दिला असे समजावे. गुटीवरही विचार करतो आहे.

तिठा
लसीचा प्रश्न मागे पडला म्हणून माझा अनुभव देतो. दोन्ही मुलांच्या बहुतेक लसी आम्ही महापालिकेच्या दवाखान्यात मोफत घेतल्या. न्यूमोनियाविरुद्धची लस खासगीत काही हजारांची आहे, ती २०२१ पासून सरकारी कार्यक्रमात आली. गर्दी असते, बसायला बाक अपुरे असतात, आणि आम्हाला एकदा गोवराच्या लसीसाठी ‘गुरुवारी या’ म्हणून परत पाठवले, याचा मात्र राग आला. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात यांची ‘न दुखणारी’ लस तिथे मिळत नाही हेही खरे.

शंखपुष्पी
परत पाठवण्यामागे कारण असते. बीसीजी (क्षयरोगाविरुद्धची) आणि गोवर-रुबेला या लसींच्या कुपीत अनेक मुलांचे डोस असतात आणि ती एकदा कालवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून या लसींसाठी ठरावीक वार ठेवतात. जाण्याआधी वार विचारून घेतला की खेप फुकट जात नाही.

‘न दुखणारी’ म्हणतात तीत डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या प्रकारचा असतो. ताप आणि सूज कमी येते हे खरे, पण सरकारी लस कमी दर्जाची आहे असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या तीन मात्रांसाठी तर बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जुन्या प्रकारालाच पसंती देते. दोन्हीकडची लस मिसळून घेतली तरी चालते, फक्त कार्ड एकच ठेवावे. सरकारी वेळापत्रकात गालगुंड, कांजिण्या, कावीळ अ आणि फ्लू यांच्या लसी नाहीत. त्या हव्या असतील तर खासगीत घ्याव्यात, आणि कोणती आधी घ्यायची हे खर्च सांगून डॉक्टरांशी बोलावे. गोवराची मात्र टाळाटाळ नको. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीपासून पसरलेली साथ मुंबईकरांनी पाहिली आहे.

कांजूरकर
जुलाबात द्यायचे मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे ओआरएस, यावर कोणी लिहिले नाही. आमच्याकडे ते नेहमी एका वेळी थोडीच पूड पाण्यात ढवळून दिले जाते, उरलेली पुडी गुंडाळून डब्यात.

खलबत्ता
तसे करू नये. २१ ग्रॅमची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात एकाच वेळी घालावी, लहान ४.२ ग्रॅमची असेल तर २०० मिलिलिटर पाण्यात, आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे. अंदाजाने पुडी कालवली तर मीठ कमीजास्त होते आणि ते मुलाला बाधू शकते. गोड, फळांच्या चवीची तयार पेये म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली आहे. डॉक्टरांनी जस्ताच्या गोळ्या दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण कराव्यात.

अबोली_भांडुप
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीचा श्वास मोजला, मिनिटाला अठ्ठावीस भरला, आणि यजमानही घड्याळ घेऊन शेजारी बसले होते. सकाळी दवाखान्यात जायचे नाही यावर प्रथमच आमचे एकमत झाले. तिचे वजन औषधांच्या डब्यावर लिहून चिकटवले आहे. सासूबाईंना गुटीविषयीचा प्रतिसाद वाचून दाखवला. पुरचुंडीची तडजोड त्यांनी मान्य केली आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले आणि मनात शंका असली तर त्यांचा अवमान न करता कसे विचारावे? आणि धाकट्याला नऊ महिने पूर्ण होतील तेव्हा आम्ही सुट्टीत संगमेश्वरला गावी असू. गोवराची लस परत येईपर्यंत पुढे ढकलली तर चालेल का?

पारिजात
मी सरळ विचारते, ‘हे आज दिले नाही आणि दोन दिवस वाट पाहिली तर काय पाहत राहावे लागेल?’ चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. आमच्या बाईंनी एकदा औषध खोडून ‘गुरुवारपर्यंत ताप राहिला तर फोन करा’ असे चिठ्ठीवर लिहून दिले, आणि एकदा ‘नाही, कानात पू आहे, आजच सुरू करा’ असे ठणकावूनही सांगितले. सुरू केले तर मात्र सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.

शंखपुष्पी
पुढे ढकलण्याची गरज नाही. सरकारी लसी राज्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात मोफत मिळतात, पत्ता मुंबईचा आहे म्हणून कोणी नाकारत नाही. गावी पोचल्यावर आशाताईंना गाठून त्या भागातला लसीकरणाचा वार विचारावा आणि मूळ कार्ड बरोबर न्यावे. यू-विन या सरकारी ऑनलाइन लसनोंदणीवर नोंद असेल तर त्याच मोबाइल क्रमांकावरून तिथेही ती दिसते. त्याच भेटीत जीवनसत्त्व अ चा पहिला डोस तोंडाने देतात, तोही कार्डावर लिहून घ्यावा. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. लसीच्या दिवशी बाळाला ताप असेल तर लस घेण्याआधी तिथल्या ताईंना तसे सांगावे. साध्या सर्दीसाठी त्या परत पाठवणार नाहीत.